कोपरा साबूत असलेलं कार्ड

मी अकरा वर्षांचा असताना एका बाईला तिच्या घरी आलेलं कार्ड खोटं वाचून दाखवलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आईलाही ती जाईपर्यंत नाही. आता पन्नाशी उलटून गेली. आताही आपण होऊन सांगतोय असं म्हणता येणार नाही. एक्सेलच्या शीटमधली एक ओळ समोर आली आणि तिच्यापासून तोंड फिरवता येईना, म्हणून सांगतोय.

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. कुठला लॉट, कुठलं वाण, किती पोती, कुठल्या ट्रकमध्ये चढली, हे रकान्यांत भरायचं काम. वीसेक वर्षं तेच करतोय. त्यामुळे जुन्या जालन्यात रद्दीचं दुकान असलेला माझा एक मित्र जेव्हा म्हणाला, "यार, माझी पोस्टकार्डं इंटरनेटवर टाकून दे," तेव्हा मला ते काम हातचं वाटलं.

लोकांची घरं पाडली जातात, पेट्या रिकाम्या होतात, आणि त्यातली कार्डं वह्या-पुस्तकांबरोबर याच्या तराजूवर येतात. हा ती बाजूला काढून ठेवतो. असं करत करत दोन कपाटं भरली होती. जुनी कार्डं जमवणारे लोक पुण्यात आहेत, कलकत्त्यात आहेत. त्यांना शिक्के हवे असतात, जुन्या तिकिटांचे छाप हवे असतात. मित्रानं त्याच्या परीनं एक शीट केली होती. कार्डाचा नंबर, कुठून आलं, कुठं गेलं, शिक्का कसा आहे, भाषा, शाई, स्थिती. माझं काम इतकंच की ती शीट साफ करायची आणि वर चढवायची. शीट नीट असली की प्रत्येक ओळीचं आपोआप एक पान होतं. ओळीचा आणि फोटोचा नंबर एकच असला की फोटो त्या पानावर जाऊन बसतो. शोधायच्या चौकटीत कुणी गावाचं नाव टाकलं की त्या गावाची सगळी कार्डं समोर येतात. शेवटचा रकाना 'दाखवायचं' असा होता. त्यात 'होय' लिहिलं तर पान दिसतं. 'नाही' लिहिलं तर ते कार्ड कुणाला कितीही शोधलं तरी सापडत नाही.

पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं की त्यानं पुष्कळ कार्डांपुढे 'खराब' लिहून ठेवलंय.

"हे येवढे खराब कसे?"

"कोपरे फाटलेले हायेत ना. गिऱ्हाईक वापस पाठवतं."

"अरे, ते फाटलेले न्हाईत. फाडलेले हायेत."

"मला समजत न्हाई का? आमच्या घरी पन येत होते. पन कलकत्त्याच्या मानसाला कोन समजावनार?"

"मंग कोपऱ्याचा वेगळा रकाना करू."

"कर. तुला तर रकान्यांची खाजच हाय."

आताच्या पोरांना हे माहीत असण्याचं कारण नाही. मयताचं कार्ड टाकताना त्याचा एक कोपरा फाडायचे. असं कार्ड घरात नेत नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं, तिथीसाठी ठेवायचंच तर बाहेर वळचणीला खोचायचं, आणि मग अंघोळीचं बघायचं. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कार्ड हातात आल्याबरोबर बातमी कळायची. आणि उलटही तेवढंच पक्कं होतं: चारही कोपरे साबूत, म्हणजे घरात न्यायला हरकत नाही, खुशाली आहे.

मी त्याच समजुतीवर शीटमध्ये सूत्र टाकलं. 'कोपरा' रकान्यात 'फाडलेला' असेल तर 'विषय' रकान्यात 'मृत्यूवार्ता' यावं. 'साबूत' असेल तर 'खुशाली' यावं. माऊस धरून सूत्र खालपर्यंत ओढलं. दीड हजार कार्डांचा विषय एका क्षणात भरला. मित्र मागून बघत होता. म्हणाला, "वाचायची पन गरज न्हाई, बघ." मलाही मोठी हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

त्यानंतर फोटो तपासायचं काम होतं. एकेक फोटो उघडायचा, ओळीशी ताडून बघायचा. ओळ नंबर अकराशे सत्तेचाळीस. कार्ड कळकट, बोटं लागून लागून कडा मऊ झालेल्या. अक्षर जांभळ्या पेन्सिलीचं, जिभेला लावून लिहायची तसल्या. हातात धरलं तर जवळजवळ कोरं दिसावं इतकं पुसट. शीटमध्ये मित्रानं भाषेपुढे 'वाचता येत नाही' लिहिलं होतं. पत्ता तेवढा शाईचा होता, म्हणून टिकला होता. वडीगोद्रीच्या अलीकडे फाट्यावरून आत जायचं माझं गाव, आणि त्याखाली ज्या माणसाच्या घरी म्हणून कार्ड आलं होतं त्याचं नाव.

माझे हात थांबले. तरी सवयीनं मी फोटोचा उजेड कमी केला, अक्षर गडद केलं. जांभळ्या ओळी वर आल्या. सात ओळी. हिंदीत, कुणा मुनशाच्या घाईच्या अक्षरात. त्यातली पहिली ओळ मी याआधी वाचली होती तेव्हा माझ्या खांद्याला दप्तर होतं.

शीटमध्ये पुढं लिहिलेलं होतं: कोपरा, साबूत. विषय, खुशाली.

ती बाई आमच्या शेताच्या कडेला राहायची. मेंढरं पाळणाऱ्यांचं घर. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आमच्या रानात बसायची, आम्हाला खत मिळायचं, त्यांना ज्वारी मिळायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला मास्तर म्हणायची, कारण मी चालता चालता वाचायचो आणि धडपडायचो. एका वर्षी रोग येऊन तिची बरीच मेंढरं गेली. तेव्हा नवरा टोळीबरोबर लांब उत्तरेकडं कालव्याच्या कामावर गेला. घरी ही, कडेवरची पोर आणि राहिलेली दहा-बारा मेंढरं. ती विकावीत का ठेवावीत, याचं बोलणं आमच्या ओसरीवर आईशी चालायचं. मी ते ऐकलेलं होतं.

दसरा होऊन गेलेला होता. शाळेतून येताना तिनं हाक मारली. दारात बसून ती लोकर कातत होती.

"ये मास्तर, हिकडं ये. कार्ड आलंय. हिंदीतलं हाय म्हनून पोस्टमन हातात देऊन गेला. म्हनला, कोपरा चांगला हाय, कुनाकडूनबी वाचून घे. तुला हिंदी येतं का नुसतंच दप्तर वागवतो?"

"येतं," मी म्हणालो. पाचवीपासून आम्हाला हिंदी होतं आणि मला त्यात चांगले मार्क पडायचे.

"मंग वाच. घाबरू नको, साबूत हाय."

मी आधी मनातल्या मनात वाचलं. ज्यानं लिहिलं तो कामावर हजेरी ठेवणारा परमुलखातला मुनशी होता, त्याला आमच्याकडची कोपऱ्याची रीत माहीत नसणार. त्यानं सरळ लिहिलं होतं. आपका आदमी बुखार से गुजर गया. तीन दिवस ताप होता. इथंच अग्नी दिला. अस्थी मडक्यात घालून छावणीजवळच्या लिंबाला बांधून ठेवल्या आहेत. त्याचं घोंगडं आणि पेटी माझ्याकडे आहे. महिनाभर वाट बघू, कुणीतरी येऊन घेऊन जावं. त्यानंतर काम पुढं सरकेल, छावणी उठेल.

मला सगळं समजलं होतं. एकही शब्द अडला नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आपल्याला नीट वाचता आलं नसेल.

तिनं चाती थांबवली. "काय म्हन्तो?"

"बरा हाय म्हन्तो."

"आन?"

"पोरीला जप म्हन्तो."

"आन? येवढं गच्च भरून लिव्हलंय, आन तू दोनच गोष्टी सांगून राह्यला. बोलायला पैसे पडत्यात का तुला?"

कार्डावर सात ओळी होत्या आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग मी भरत गेलो. मेंढरं इकू नको म्हन्तो. दिवाळी झाल्यावर येतो म्हन्तो. हितलं पानी चांगलं हाय म्हन्तो.

"पानी चांगलं हाय?" ती हसली. "त्यानं जलमात कदी पान्याचं कवतिक केलं न्हाई. परदेशात गेला आन शाना झाला."

तिनं मला गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे दिले. मी ते तिथंच उभं राहून खाल्ले. कार्ड तिनं पदरानं पुसलं आणि घरात नेलं.

मी दयेपोटी खोटं बोललो असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. मला भीती वाटली. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं असतं तर ती माझ्यासमोर ओरडली असती, आणि ते मला बघायचं नव्हतं. मोठ्या माणसांना कळेलच कुठून तरी, असं धरून मी घरी गेलो. रात्री आईनं विचारलं, "मावशीच्या कार्डात काय आलं?" मी तिलाही पाण्याचंच सांगितलं.

दिवाळी झाली. मावशी दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आली. संक्रांत जवळ आली तेव्हा टोळीतला एक माणूस परत आला आणि त्यानं दारात बसून सगळं सांगितलं. छावणी उठली होती. अस्थी मुनशानं तिकडच्याच कुठल्या नदीत सोडल्या, नदीचं नाव त्यालाही सांगता येईना. घोंगडं कुणीतरी पांघरायला नेलं. हातात अस्थीही नाहीत म्हणून मावशीच्या भावकीनं त्याच्या जागी पिठाचा बाहुला करून त्याला अग्नी दिला. मी आईबरोबर गेलो होतो. बाहुल्याचे हात कुणीतरी घाईत केले होते, एक लांब आणि एक आखूड. मावशीनं ते बघितलं आणि वाकून आखूड हाताला चिमूटभर पीठ लावलं.

महिनाभर मुदत होती. माझे वडील, तिचा दीर, कुणीही गेलं असतं. मडकं आलं असतं, घोंगडं आलं असतं. मी बोललो असतो तर.

मला वाटलं होतं आता कार्डाचं निघणार. नाही निघालं. तिनं मनाशी हिशेब असा लावला की कार्ड तापाच्या आधीचं असणार. त्याचं शेवटचं बोलणं. कोपरा साबूत होता, मग दुसरं काय असणार? तिनं ते पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुढं पोर शाळेत गेली, वाचायला शिकली, पण कार्ड वाचायची गरजच नव्हती. मावशीला ते तोंडपाठ होतं. आणि मेंढरं तिनं विकली नाहीत. कितीही अडचण आली तरी सगळी विकायची नाहीत, जोडी तरी दारात पाहिजे. त्यानं सांगितलं होतं ना.

हे सगळं अकराशे सत्तेचाळीस नंबरच्या ओळीसमोर बसून मला आठवलं. मित्र गिऱ्हाइकाशी बोलत होता. वेबसाइट सुरू झाली की जगात कुणीही आमच्या गावाचं नाव टाकणार, गडद केलेला फोटो मोठा करून बघणार. मी 'दाखवायचं' या रकान्यात गेलो आणि 'होय' काढून 'नाही' लिहिलं. मग गावाचं नावही पुसलं. यावेळी मी अकरा वर्षांचा नव्हतो.

दोन-तीन आठवड्यांनी दुकानात एक बाई आली. कडेवरची ती पोर. आता चाळिशी ओलांडलेली, अंकुशनगरला कारखान्याच्या वस्तीत राहते. आईचं घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडायच्या वेळी हिनंच आवराआवर केली, आणि पत्र्याची पेटी कागदांसकट भंगारवाल्याला देऊन टाकली. तिथून हा माल इकडं येतो असं तिला कळलं होतं.

"आईचं येक कार्ड व्हतं त्यात," ती म्हणाली. "माज्या वडलांचं शेवटचं. मला वाटलं, गिचमीड झालेला कागद हाय."

मित्राला आपलं नवं काम दाखवायची हौस. "बसा ताई, येक मिनिट. आपलं सगळं कंप्युटरवर हाय आता. गाव सांगा."

तिनं गाव सांगितलं. त्यानं चौकटीत नाव टाकलं. पडद्यावर आलं: एकही कार्ड सापडलं नाही.

"न्हाई ताई. तुमच्या गावाचं बिलकुल कायच न्हाई."

मग ती माझ्याकडे वळली. "दादा, तुम्ही तर गावचेच. परत येकदा बगा ना. आई जेवती, न्हाई असं न्हाई. पन जेवताना माज्याशी बोलत न्हाई. म्हन्ती, त्याचं बोलनं तू रद्दीत घातलंस."

"बघतो," मी म्हणालो.

ती गेल्यावर मला बसवेना. तिच्या डोक्यावर मी काय ठेवून दिलं होतं ते मला दिसत होतं. पुढच्या रविवारी कपाटातून कार्ड काढलं आणि मित्राला सांगितलं की सापडलं, देऊन येतो.

"घेऊन जा. पन शीटमधी लिव्ह, नायतर स्टॉक जमत न्हाई." मग तो थांबला. "त्या दिशी सर्चमधी का आलं न्हाई?"

"गावाचं नाव भरायचं राहिलं होतं."

"तुझ्याकडनं?" तो हसला. "तू तर चुकत न्हाईस कदी."

मोटारसायकल काढली आणि अंबडवरून निघालो. रस्ताभर मी एकच वाक्य म्हणत होतो: मावशी, त्या दिवशी मी कार्ड खोटं वाचलं. हेल्मेटच्या आत ते वाक्य अगदी सोपं वाटत होतं.

घरकुलाला अजून गिलावा झालेला नव्हता. मावशी उंबऱ्यात बसली होती, दारात दोन मेंढरं बांधलेली. पोर आईला मदत करायला आलेली होती. मावशीला आता नीट दिसत नाही. मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ते वास घेतल्यासारखं जवळ नेलं, मग अंगठ्यानं एकेक कोपरा चाचपला. चारही.

"साबूत हाय," ती म्हणाली.

लेक तिच्या मागं उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला.

"मास्तर," मावशी म्हणाली, "आता आलाच हायेस तर वाच. पयल्यांदा तूच वाचलं व्हतंस."

मी कार्ड घेतलं. जमिनीवर बसलो. "मावशी, हे त्यांनी लिहिलेलं न्हाई. मुनशानं लिहिलंय."

"मला ठाव न्हाई का? त्याला कुठं लिव्हता येत व्हतं. त्यानं सांगितलं, मुनशानं लिव्हलं. वाच तू."

तिथं सांगायला पाहिजे होतं. दार उघडंच होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बरा हाय म्हन्तो."

"हां."

"मेंढरं इकू नको म्हन्तो."

"न्हाई." तिनं हात वर केला. "त्याच्या आदी पोरीला जप म्हन्तो. मंग मेंढरं."

"पोरीला जप म्हन्तो," मी म्हणालो. "मेंढरं इकू नको. दिवाळी झाल्यावर येतो."

"आन पान्याचं?"

"हितलं पानी चांगलं हाय म्हन्तो."

ती हसली, अगदी तेव्हासारखी. मग लेकीला म्हणाली, "ऐकलंस? उगं गिचमीड म्हन्तीस. च्या टाक दादाला." त्या घरात इतके दिवस बंद असलेलं बोलणं सुरू झालं. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

चहा झाल्यावर लेकीनं मोबाइल काढला. कार्डाचा फोटो घेऊन ठेवते म्हणाली, परत हरवायला नको. मी म्हणालो, पुसट झालंय, काही येणार नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि मोबाइल ठेवून दिला.

गडद केलेला फोटो माझ्या कंप्युटरवर आहे. परवा शीट उघडून अकराशे सत्तेचाळीसव्या ओळीतलं सूत्र काढून टाकलं आणि विषयाच्या रकान्यात हातानं 'मृत्यूवार्ता' असं लिहिलं. कोपऱ्यापुढे 'साबूत' आहे तसंच आहे. स्थितीपुढे 'परत दिलं'. 'दाखवायचं'पुढे अजून 'नाही'च आहे. नंतर मी बाकीची साबूत कोपऱ्यांची कार्डंही एकेक करून वाचायला घेतली. अजून दोन सापडली, परमुलखातून आलेली, तशीच. ती कुणी कुणाला कशी वाचून दाखवली असतील, ते मला कळायला मार्ग नाही.

हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. मावशीला वाचता येत नाही, हे तिच्यापर्यंत जाणार नाही. ती सत्तरीच्या पुढं आहे. मी तिला कार्डावरच्या त्या सात ओळी देणं लागतो, जशा लिहिलेल्या आहेत तशा, तिच्या उंबऱ्यावर बसून, माझ्या तोंडानं. आणि तिच्या लेकीला तो फोटो.